घरातला पांडुरंग

नागोठण्यास आंबा नदीच्या काठी कीर्तन आटोपल्यावर आम्ही माळकरी मंडळी बसलो, की रोह्याच्या दादांची आठवण हटकून निघते.

पांडुरंगशास्त्री आठवले यांचा जन्म १९ ऑक्टोबर १९२० रोजी आमच्याच तालुक्याच्या गावी, रोह्यास झाला. २५ ऑक्टोबर २००३ रोजी मुंबईस त्यांनी देह ठेवला. ते आपल्या संप्रदायाचे नव्हेत. गीता हा त्यांचा मार्ग. पण प्रपंचात राहून देवाचे काम कसे करावे, हे त्यांच्यापासून शिकण्यात आम्हांस कमीपणा वाटत नाही.

वडील वैजनाथशास्त्री यांनी १९२६ साली मुंबईस माधवबागेत गीता पाठशाळा काढली. चिरंजीवांनी पुढे तीच चालविली. १९५४ साली ते जपानात धर्मपरिषदेस गेले, नाव झाले. तरी परत येऊन बसले ते वडिलांच्याच आसनावर. निर्मलाताईंसह संसार केला आणि शेतकरी-कोळ्यांच्या दारी थोरला भाऊ होऊन गेले. म्हणून तर ‘दादा’! त्यांच्या सांगण्यावरून गावोगाव देवाच्या नावाने शेत पिकू लागले. पाळीपाळीने राबायचे, पीक मात्र देवाचे; त्यातून नडलेल्याला हात द्यायचा. कोळ्यांनी तशीच देवाची होडी समुद्रात घातली. देणारा देव, मग घेणाऱ्याची मान खाली का जावी? दादांमागे हे काम कन्या जयश्रीदीदींनी सांभाळले.

आता आमचेच सांगतो. एका आषाढीस आमच्यातल्या एकाचे वडील अंथरुणाला खिळलेले. वारी चुकू नये म्हणून हा निघाला. म्हातारा म्हणाला, ‘‘जा बाबा, माझं काय!’’ चंद्रभागेचे स्नान करून, प्रसाद घेऊन घरी आला, तो खाट रिकामी. तो बुक्का त्याने कुणाच्या कपाळी लावायचा?

मंडळी, आपला देव विटेवर का उभा राहिला? पुंडलिक आईबापांची सेवा सोडून उठला नाही म्हणून! देवाला थांबवले, पण बापाला थांबवले नाही. अहो, ज्या सेवेसाठी देव खोळंबला, ती टाकून आपण त्याच्याच दर्शनास धावतो, हे त्याला कसे रुचावे?

वारी सोडा, असे आमचे म्हणणे नाही. निघण्यापूर्वी ओसरीवरच्या म्हाताऱ्याची सोय लावा, त्याच्याजवळ घटकाभर बसा, मग पताका खांद्यावर घ्या. आणि त्याला आपली गरजच असेल, तर त्या वर्षी घर हेच पंढरपूर समजा.

पुंडलिक वरदा हरि विठ्ठल!