तीनशे दीनारांचा केक

प्रेमापोटी केलेला खर्च कुठे संपतो आणि उधळपट्टी कुठे सुरू होते? हा प्रश्न प्रवचनात अनेकदा ऐकला होता. गेल्या काही वर्षांत तो कधी घरात शिरला असेल तर एका केकमुळे. ती गोष्ट आज आपल्या धर्मग्रामातील बंधुभगिनींना सांगावीशी वाटते, कारण तिच्यात माझीही एक कबुली आहे.

माझ्या आईवडिलांचे लग्न मे १९७४ मध्ये वेसाव्याला झाले. त्या महिन्याच्या ८ तारखेला देशभर रेल्वेचा संप सुरू झाला आणि तो २७ तारखेपर्यंत चालला. लग्न नेमके त्याच दिवसांत होते. गाड्यांचा भरवसा नव्हता, त्यामुळे वसईचे वऱ्हाड अर्धेच पोहोचले. लग्नाचा केक आईची मावशी वसईहून घेऊन येणार होती. ती आली नाही आणि केकही आला नाही. लग्नाची मिस्सा झाली, जेवण झाले, फुगे वाटले गेले, गाणी झाली. केक तेवढा कापायचा राहिला. आई ही गोष्ट नेहमी हसत सांगते. पण पन्नास वर्षे जी गोष्ट माणूस सांगत राहतो, ती त्याच्या मनातून पूर्ण गेलेली नसते.

२०२४ च्या मे महिन्यात त्या लग्नाला पन्नास वर्षे झाली. वडिलांची स्मरणशक्ती तोपर्यंत बरीच मंदावली होती. माझी भाची म्हणाली, "मामा, आजीचा केक पन्नास वर्षे उशिरा येतोय. मग तो साधा कसा चालेल?"

तिने ठरवलेला केक खरोखरच साधा नव्हता. काळ्याभोर चॉकलेटचे तीन थर, मध्ये करवंदांचा आंबटगोड रस, वरून चॉकलेटचा चकचकीत लेप आणि माथ्यावर महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीची रास. स्ट्रॉबेरी तिने मार्चमध्येच घेऊन फ्रीजरमध्ये ठेवल्या होत्या. चॉकलेटच्या बाबतीत ती हट्टाला पेटली. बाजारात स्वस्तात मिळते ते 'कंपाउंड'. त्यात कोकोच्या लोण्याऐवजी दुसरे वनस्पती तेल घातलेले असते. तिला खरे डार्क चॉकलेट हवे होते, सत्तर टक्के कोकोचे. त्या वर्षी जगाच्या बाजारात कोकोचा भाव टनाला १०,००० डॉलरच्या वर गेला होता आणि त्याची झळ आमच्या किराणा दुकानापर्यंत आली होती.

दोन दिवस घरात तोच उद्योग. कोकोची पूड गरम कॉफीत कालवून फुलवायची, म्हणजे तिचा वास आणि रंग उघडतो. तीन थर वेगवेगळे भाजायचे आणि पूर्ण थंड होऊ द्यायचे. करवंदांचा चीक हाताला चिकटतो, म्हणून ती मिठाच्या पाण्यातून काढायची, साखरेत शिजवायची आणि बिया राहतील अशी गाळून घ्यायची. तो रस थंड झाला की आपोआप आळतो. चॉकलेटचे तुकडे करून त्यावर तितकीच गरम क्रीम ओतायची आणि ढवळण्याआधी दोन मिनिटे हात आवरायचा. वेसाव्याच्या मे महिन्यातील दमट हवेत पहिला प्रयत्न फसला. थर कोमट असतानाच तिने लेप ओतला आणि वरचा थर हळूच घसरून ताटात आला. तो केक आम्ही मुलांना वाटला. दुसऱ्या वेळी तिने थर रात्रभर फ्रीजमध्ये ठेवले.

आई खुर्चीवर बसून हे सारे पाहत होती. तिच्या लहानपणी केक म्हणजे ॲल्युमिनियमच्या टोपात, खाली निखारे आणि झाकणावर निखारे. केक उभा राहिला तेव्हा तिने डोळे भरून पाहिला. मग विचारले, "खर्च किती आला?" भाचीने हिशेब सांगितला. दोन्ही वेळचा मिळून तीन हजारांच्या जवळ. आई थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "बाय, जूनमध्ये शाळा उघडतील. एवढ्या पैशात आपल्या कामाच्या ताईच्या मुलाची वह्या-पुस्तके आली असती."

भाचीचा चेहरा उतरला. तिला धीर द्यावा म्हणून मी म्हणालो, "आई, असे तर यहूदा बोलला होता!"

सगळे हसले. पण मला रात्री झोप येईना. मी बोललो ते खरे होते का?

योहानकृत शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायातील प्रसंग आपल्याला माहीत आहे. बेथानीला भोजन चालले आहे. मार्था वाढते आहे, लाजर पंक्तीला बसला आहे. मरिया जटामांसीचे मौल्यवान तेल आणते आणि प्रभूच्या चरणांना लावते. यहूदा हिशेब करतो: तीनशे दीनार! ते गरिबांना देता आले असते. द्राक्षमळ्याच्या दाखल्यात मजुराची दिवसाची मजुरी एक दीनार आहे. म्हणजे शब्बाथ आणि सण वगळले तर ही मजुराची जवळजवळ वर्षाची कमाई. प्रभू मरियेची बाजू घेतो.

आपल्यापैकी पुष्कळजण या प्रसंगाचा उपयोग मी केला तसाच करतात. सणाला, लग्नाला, चर्चच्या सजावटीला खर्च झाला आणि कोणी गरिबांचे नाव काढले, की त्याला यहूदा म्हणून गप्प करतात. पण योहान स्पष्ट लिहितो की यहूदाला गरिबांची काळजी नव्हती. थैली त्याच्याकडे होती आणि त्यातले तो घेत असे. आईच्या हातात कोणाची थैली नव्हती. ताईच्या मुलाची फी तिने आपल्या पैशांतून याआधी दोनदा भरली आहे. तेच वाक्य दोन तोंडांतून आले, तरी त्यात दोन वेगळी मने होती. मी माझ्या आईवर अन्याय केला होता.

आणखी एक गोष्ट. गरीब नेहमी तुमच्याजवळ असतील, असे प्रभू तेथे म्हणतो. ते वाक्य आपण सुटकेसारखे वापरतो. पण प्रभू येथे जुन्या करारातील अनुवादाच्या पंधराव्या अध्यायाची आठवण देत आहे, आणि तेथे त्या वाक्यापाठोपाठ आज्ञा आहे: म्हणून गरजू बांधवासाठी आपला हात मोकळा ठेव. ऐकणाऱ्या यहुदी माणसाला पुढचे वाक्य पाठ असणार. बेथानीच्या घरात गरिबांना रजा मिळालेली नाही. त्या दिवशी एवढेच सांगितले गेले की प्रेमालाही वेळेची मर्यादा असते. प्रभूचे मरण सहा-सात दिवसांवर आले होते. मरियेने ते तेल पुढच्या वर्षासाठी ठेवले असते, तर ते नुसते महागडे तेल राहिले असते.

आमच्या घरातही वेळ थोडाच उरला होता. वडिलांना ओळख पटते आहे तोपर्यंत तो केक व्हायला हवा होता. म्हणून भाचीचा खर्च मला आजही चुकीचा वाटत नाही. पण प्रश्न येथे मिटला नाही.

चॉकलेट आणि पापपुण्य यांची गाठ जुनी आहे. सतराव्या शतकात युरोपात चॉकलेट पेय म्हणून पसरले, तेव्हा ख्रिस्तसभेत मोठा वाद झाला: चॉकलेट प्यायल्याने उपवास मोडतो का? आंतोनियो दे लेओन पिनेलो यांनी १६३६ मध्ये माद्रिदला या एकाच प्रश्नावर ग्रंथ छापला. कार्डिनल ब्रांकाच्चो यांनी १६६४ मध्ये रोममध्ये मत मांडले की पेयाने उपवास मोडत नाही. आज आपल्याला याचे हसू येते. पण ते लोक खाण्यापिण्याकडे नैतिक नजरेने पाहत होते, हे मान्य केले पाहिजे. त्यांचा प्रश्न खाणाऱ्याच्या पोटाचा होता. आपल्याला आता पिकवणाऱ्याच्या हातांचाही प्रश्न विचारायला हवा.

जगातील निम्म्याहून अधिक कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या पश्चिम आफ्रिकेतील दोन देशांत पिकतो. फळ झाडाच्या खोडालाच लागते. ते कोयत्याने तोडून, फोडून, बिया केळीच्या पानांखाली आंबवून मग उन्हात वाळवाव्या लागतात. शिकागो विद्यापीठातील नॉर्क या संस्थेने २०२० मध्ये अहवाल दिला. २०१८-१९ च्या हंगामात या दोन देशांत सुमारे १५ लाख ६० हजार मुले कोकोच्या कामात बालमजूर होती. कोयते चालवणे, ओझी वाहणे, औषध फवारलेल्या शेतात राबणे अशी कामे त्यांच्या वाट्याला येतात. चॉकलेट कंपन्यांनी २००१ मध्ये करार करून यातले सर्वांत वाईट प्रकार २००५ पर्यंत थांबवण्याचे वचन दिले होते. ती मुदत टळली आणि पुढच्याही टळल्या. बहुतेक मुले आपल्याच आईबापांच्या तुकडाभर शेतात राबतात, कारण कोकोला मिळणाऱ्या दरात मजूर ठेवणे त्या आईबापांना परवडत नाही.

भाचीने ते महागडे पाकीट उलटसुलट करून पाहिले. कोको कुठला, हे त्यावर लिहिलेलेच नव्हते.

मी तिला म्हणालो, "आपण एवढ्या दूरचे काय करणार?" तेव्हा आईने विचारले, "करवंदे कितीला आणलीस?"

करवंदे मी अंधेरी स्टेशनबाहेरून आणली होती. पहाटेच्या गाडीने पालघरकडून आलेली एक आदिवासी बाई टोपली घेऊन बसली होती. पानांच्या द्रोणातली तिची करवंदे मी घासाघीस करून साठाची चाळीसला घेतली होती. घरी येऊन ते कौतुकाने सांगितलेही होते. करवंदीच्या जाळीला काटे किती असतात, हे मी लहानपणी मढच्या बाजूला जाऊन स्वतः पाहिले आहे.

"आणि चॉकलेटवाल्याला म्हणालास का, कमी कर म्हणून?" आईने विचारले.

मी काय बोलणार? छापील किमतीपुढे मी तोंड उघडले नव्हते. ज्या बाईचे नाव कुठल्याही पाकिटावर छापले जात नाही, तिच्यासमोर मात्र मला हिशेब सुचला होता. दूरच्या मुलाचा प्रश्न माझ्या हातातला नव्हता, असे मी म्हणू शकलो असतो. ते वीस रुपये माझ्याच हातात होते.

तेथे मला बेथानीचा प्रसंग नव्याने कळला. मरियेचे प्रेम खरे ठरते, कारण त्याची किंमत तिने स्वतः सोसली. आपल्या जिवलगांसाठी आपण कितीही द्यावे. ते आपल्या ताटातले, आपल्या कष्टातले, आपल्या झोपेतले असावे. त्यातला काही भाग आपण न विचारता दुसऱ्याकडून वसूल केला, घानातील मुलाकडून किंवा स्टेशनबाहेरच्या बाईकडून, तर ते दान पूर्णपणे आपले राहत नाही. जटामांसी ही हिमालयात उगवणारी वनस्पती. तिची मुळे खणणारे हातही बेथानीपासून फार दूर होते. त्यांना मजुरी पुरेशी मिळाली की नाही, हे शुभवर्तमानात नाही. पण प्रत्येक मोलवान भेटीमागे असे हात असतात, हे आपण जाणतो.

मग चॉकलेट सोडून द्यायचे का? मला तसे वाटत नाही. खरेदीच थांबली तर तोच गरीब शेतकरी आणखी अडचणीत येईल. पण कोको कुठला, हे दुकानदाराला विचारता येते. मजुरीची हमी देणारे चॉकलेट मिळते. ते महाग असते, म्हणून वर्षातून चारदा घेण्याऐवजी एकदा घेता येते. आपल्या देशातही केरळ, आंध्र, कर्नाटक आणि तमिळनाडूत नारळी-पोफळीच्या सावलीत कोको पिकतो आणि त्याचे उत्तम चॉकलेट बनते. भाची आता तेच वापरते. बाकी, करवंदाच्या टोपलीसमोर काय करायचे यासाठी कोणताही अहवाल वाचावा लागत नाही.

वर्धापनदिनाच्या रविवारी मिस्सा झाल्यावर केक कापला. आईने पहिला तुकडा वडिलांना भरवला आणि दुसरा घरकामाच्या ताईंना, आमच्याच टेबलावर आपल्या शेजारी बसवून. आमच्या घरी इतकी वर्षे काम करून त्या टेबलाजवळच्या खुर्चीवर पहिल्यांदाच बसल्या होत्या, हे तेव्हा माझ्या लक्षात आले. मुलाच्या वह्या-पुस्तकांचे पैसे भाचीने आणि मी मिळून दिले. वडिलांनी त्या काळ्या चकचकीत केककडे बराच वेळ पाहिले आणि आईला विचारले, "मावशी आली वाटतं? संप मिटला का?"

आई म्हणाली, "हो, मिटला."

पुढच्या आठवड्यात मी वीस रुपये घेऊन अंधेरी स्टेशनबाहेर गेलो. ती बाई दिसली नाही. दोन-तीनदा गेलो. मग पाऊस आला आणि करवंदांचा हंगाम संपला. ते वीस रुपये मी दानपेटीत टाकू शकलो असतो, पण ते दान झाले नसते. ते तिचेच होते.

प्रिय बंधुभगिनींनो, येत्या सणाला आपणही काही गोड, सुंदर, थोडे खर्चिक करणार असाल. जरूर करा. प्रभू काना गावच्या लग्नातही आनंदाने गेला होता. फक्त मेजावर ते ठेवण्यापूर्वी स्वतःला दोन प्रश्न विचारा: याची किंमत मी भरली की दुसऱ्या कोणाकडून भरून घेतली? आणि माझ्या टेबलावर अजून कोणाची खुर्ची मांडायची राहिली आहे?