प्रवास कोणाचा?

आमच्या धर्मग्रामातील एका कुटुंबाने यंदा एक धाडसी बेत आखला आहे. पित्याने जहाजावरील नोकरी सोडली आहे. गाठीशी बांधलेल्या पैशांवर पती, पत्नी आणि दोन मुले वर्षभर परदेशी हिंडणार, मुलांची शाळा तेवढा काळ बंद, आणि शिक्षण काय व्हायचे ते वाटेत. आशीर्वाद घेण्यासाठी सारे आले असता मुलांच्या आजीने आम्हाला बाजूला घेऊन विचारले, ‘‘फादर, पोरांचं शिक्षण बुडेल की वाढेल?’’ प्रवासासारखा गुरू नाही, असे काहीतरी ठरावीक बोलून आम्ही वेळ मारून नेली. आजींचे समाधान झाले नाही. खरे सांगायचे तर आमचेही झाले नाही.

त्या रात्री आम्हाला एका जुन्या प्रवासी कुटुंबाची आठवण झाली. सेमिनरीत असताना संगीताच्या तासाला त्याची ओळख झाली होती. पुढे त्या पित्याची पत्रे वाचनात आली आणि ती मनातून गेली नाहीत.

आज ऑस्ट्रियात असलेल्या, परंतु त्या काळी आर्चबिशपांच्याच सत्तेखाली असलेल्या साल्झबुर्ग नगरातून ९ जून १७६३ रोजी लिओपोल्ड मोझार्ट हा दरबारी संगीतकार पत्नी आना मारिया आणि दोन मुलांसह घोडागाडीने निघाला. या दांपत्याच्या सात अपत्यांपैकी दोनच जगली होती: बाराव्या वर्षात असलेली मारिया आना, जिला घरात नानर्ल म्हणत, आणि सात वर्षांचा वोल्फगांग. म्युनिक, ब्रुसेल्स, पॅरिस, लंडन, हेग, अॅमस्टरडॅम, पुन्हा पॅरिस, स्वित्झर्लंड असे करीत हे चौघे घरी परतले ते २९ नोव्हेंबर १७६६ रोजी. साडेतीन वर्षे या मुलांना शाळा नव्हती. पिता हाच शिक्षक होता.

प्रवासाच्या आरंभीच वासरबुर्ग गावाजवळ गाडीचे चाक मोडले. दुरुस्तीला वेळ लागणार, तेव्हा पित्याने मुलांना गावच्या चर्चमध्ये नेले आणि ऑर्गनच्या पायपट्ट्या कशा चालतात ते वोल्फगांगला समजावून सांगितले. मुलाने बैठक बाजूला सारली आणि उभ्यानेच, पायांनी, जणू काही महिन्यांचा सराव असावा तसा तो वाजवू लागला. पित्याने घरमालकाला मोठ्या कौतुकाने हे कळविले. आम्हाला यात वेगळेच काही दिसते. हा पाठ कोणत्याही वेळापत्रकात नव्हता. ऐकायला राजा नव्हता, तिकीट नव्हते. चाक मोडले म्हणून तो घडला.

नानर्ल प्रवासाची टिपणे ठेवीत असे. त्यांतली थोडीच पाने उरली आहेत. कॅले बंदरात समुद्र मागे सरतो आणि पुन्हा परत येतो, हे तिने नवलाने टिपले आहे. भरती-ओहोटीच्या संगतीने वाढलेल्या आपल्या किनाऱ्यावरील मुलांना त्याचे काय कौतुक! परंतु डोंगराळ मुलखातल्या त्या मुलीने समुद्र प्रथमच पाहिला होता. लंडनमध्ये तिने एक लहान हत्ती पाहिला, आणि पांढऱ्या व कॉफीच्या रंगाच्या पट्ट्यांचे एक गाढव पाहिले. झेब्रा हा शब्द ठाऊक नसलेल्या मुलीने तो किती नेमका पाहिला आहे! वोल्फगांगनेही गाडीतल्या कंटाळवाण्या तासांत एक काल्पनिक राज्य वसविले होते. त्याची प्रजा म्हणजे मुले, राजा तो स्वतः; आणि थोडेफार चित्र काढू शकणाऱ्या नोकराकडून त्याने गावांची नावे सांगून त्या राज्याचा नकाशाही काढून घेतला. मोठ्यांच्या राजवाड्यांतून फिरवल्या जाणाऱ्या मुलाला मुलांचे राज्य का वसवावेसे वाटले, यावर आम्ही पुष्कळ विचार केला आहे.

१७६४ च्या उन्हाळ्यात लंडनमध्ये लिओपोल्ड गंभीर आजारी पडला. विश्रांतीसाठी कुटुंब चेल्सीला राहण्यास गेले. पित्याला त्रास नको म्हणून मुलांना पियानोसारख्या वाद्याला हात लावण्याची मनाई होती. त्या सक्तीच्या शांततेत आठ वर्षांच्या वोल्फगांगने आपली पहिली सिंफनी लिहिली. नानर्ल शेजारी बसून नक्कल उतरवीत होती. पुन्हा तेच. पिता अंथरुणाला खिळला आणि मुलाच्या हातून त्याचे स्वतःचे काम झाले.

येथवरची कथा आपण आनंदाने सांगू शकतो. पुढची सांगताना जीभ अडखळते. लंडनच्या जाहिरातींत दोन्ही मुलांची वये एकेक वर्षाने कमी सांगितली गेली. लोकांचे कुतूहल ओसरले, तसे तिकीट उतरत गेले. आणि जुलै १७६५ मध्ये एका खानावळीच्या दालनात, रोज दुपारी बारा ते तीन, अडीच शिलिंग घेऊन ही भावंडे कोणाही येणाऱ्या-जाणाऱ्यासमोर वाजवीत होती. सुरांच्या पट्ट्यांवर रुमाल झाकून, न पाहता, चार हातांनी. मिस्सेला न चुकणारा, घरी मिस्सा अर्पण करण्यासाठी पत्रे पाठविणारा हा पिता. त्याला दुष्ट म्हणणे आम्हाला पटत नाही. देवाने साल्झबुर्गमध्ये एक चमत्कार जन्माला घातला आहे आणि तो जगाला दाखविणे आपले कर्तव्य आहे, अशी त्याची प्रामाणिक श्रद्धा होती. चाकरांकडे सोपविलेल्या द्रव्याचा दाखला आपण सारे जाणतो. पुरून ठेवणाऱ्या चाकराची निंदाही आपण ऐकली आहे. परंतु येथे ते द्रव्य कोणाकडे सोपविले होते? मुलाकडे. पित्याला फक्त मूल मिळाले होते. लिओपोल्डची चूक या एका पावलात आहे, आणि ते पाऊल इतके लहान आहे की भक्तिमान माणूसही ते न कळत टाकतो.

त्याच वर्षी घरी परतण्याचा विचार चालू असता एका राजकन्येच्या आमंत्रणावरून गाडी हॉलंडकडे वळली. हेगमध्ये नानर्लला दुखणे आले. २१ ऑक्टोबरला तिला शेवटचा तैलाभ्यंग देण्यात आला. चौदा वर्षांच्या त्या मुलीच्या उशाशी आईवडील जगाच्या नश्वरतेविषयी तिच्याशी बोलत होते आणि शेजारच्या खोलीत वोल्फगांग आपल्या संगीतात रमला होता. पित्यानेच हे लिहून ठेवले आहे. वाताच्या भरात ती कधी इंग्रजी, कधी फ्रेंच, तर कधी जर्मन बोलत होती. प्रवासात ती जे शिकली ते सारे तापात बाहेर येत होते. ती वाचली, लगोलग वोल्फगांग पडला आणि हाडांचा सापळा होऊन उठला.

वाचकांनी आम्हाला लिओपोल्डचे न्यायाधीश समजू नये. पंधरा-वीस वर्षांपूर्वी दुसऱ्या एका धर्मग्रामात असताना दहा वर्षांच्या एका मुलीचा आवाज आम्हाला गवसला. सण असो, रौप्यमहोत्सव असो, शेजारच्या गावातील लग्न असो, आम्ही तिला उभी करीत असू. लोक डोळे पुसत, दानपेटी भरे आणि आम्ही तृप्त होत असू. तिचा घसा बसतो आहे असे तिच्या आईने एकदा दबक्या आवाजात सांगितले, तेव्हा मध चाटवा, असे सांगून आम्ही पुढच्या रविवारची यादी तिच्या हाती दिली. काही दिवसांनी ती मुलगी गायनमंडळात येईनाशी झाली. गेल्या वर्षी एका बाप्तिस्म्याला ती भेटली, कडेवर मूल होते. ‘‘गातेस का?’’ आम्ही विचारले. ‘‘नाही, फादर,’’ ती हसून म्हणाली. ते हसणे आमच्या सोबतीला आहे.

नानर्लचे पुढे काय झाले? १३ डिसेंबर १७६९ रोजी पिता-पुत्र इटलीला निघाले, तेव्हा अठरा वर्षांच्या नानर्लला आईबरोबर घरी ठेवले. तिने स्वतः रचलेले एक गाणे भावाला धाडले होते. ते पाहून तो थक्क झाला. तिची एकही रचना आज उपलब्ध नाही. लग्न, संसार, पतीच्या निधनानंतर साल्झबुर्गमध्ये पियानोच्या शिकवण्या, आणि १८२९ मध्ये मृत्यू. तीन भाषा बोलणाऱ्या, समुद्राची ओहोटी टिपणाऱ्या मुलीचा प्रवास, पाहणाऱ्यांची गरज संपली तेव्हा संपला होता.

मागच्या आठवड्यात आमचे प्रवासी कुटुंब कागदपत्रांवर सही घेण्यासाठी पुन्हा आले. मुलगी बाकाच्या टोकाला बसून पाय हलवीत होती. आम्ही पित्याला विचारले, ‘‘चौथ्या महिन्यात ही म्हणाली, पप्पा, घरी जाऊ या, तर?’’

तो गोंधळला. ‘‘तिकिटं काढून झालीत, फादर,’’ तो म्हणाला.

आजी काही बोलल्या नाहीत. त्यांनी नातीकडे पाहिले, मग आमच्याकडे.