बाबा बाहेरगावी गेलेत

घरातला कर्ता माणूस पोलिसांनी उचलून नेला, की त्या घरापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो अगदी साधा असतो : लहान मुलांना काय सांगायचं? वकील, पगार, भाडं, नातेवाइकांची तोंडं हे सगळं उद्यावर ढकलता येतं. पण संध्याकाळी ताटावर बसलेलं पोर बाबा कुठे म्हणून विचारणार आणि त्याला त्याच क्षणी उत्तर द्यावं लागणार. १९५० साली सारायेव्होमधल्या एका आईने दिलेलं उत्तर असं होतं, की बाबा कामासाठी बाहेरगावी गेलेत. एमिर कुस्तुरित्साच्या १९८५ सालच्या चित्रपटाला नाव मिळालं ते या उत्तरावरूनच. राजकीय कटकारस्थानांच्या सावलीत मोठं होणाऱ्या मुलांवर जगभर पुष्कळ चित्रपट निघाले. त्यातले बरेच मला आवडतात, पण राजकारण घरात नेमकं कुठल्या दाराने शिरतं हे इतक्या स्वच्छपणे दाखवणारा दुसरा चित्रपट मला भेटलेला नाही.

मागची हकिगत थोडी सांगायला हवी, कारण टिटो म्हटलं की आपल्याला नेहरू आणि नासर यांच्या शेजारी उभे असलेले, अलिप्त राष्ट्रांच्या चळवळीतले टिटो आठवतात. त्या छायाचित्रांच्या काही वर्षं आधी, २८ जून १९४८ रोजी, कॉमिनफॉर्म या स्टालिनच्या प्रभावाखालच्या कम्युनिस्ट पक्षांच्या संघटनेने युगोस्लाव्हियाच्या कम्युनिस्ट पक्षाची हकालपट्टी केली. आदल्या दिवसापर्यंत स्टालिनची तसबीर भिंतीवर लावणं हे निष्ठेचं लक्षण होतं. पुढे तीच तसबीर गुन्ह्याचा पुरावा ठरू लागली. देशभर 'कॉमिनफॉर्मवाल्यां'ची धरपकड सुरू झाली. त्यात खरे स्टालिनवादी होते, गोंधळलेले होते आणि ज्यांच्यावर कुणाचा तरी जुना राग होता असेही होते. अॅड्रिअॅटिक समुद्रातल्या गोली ओतोक नावाच्या उजाड बेटावर १९४९ पासून छावणी चालू झाली. तिथे माणसं दगड फोडत, एकमेकांना मारायला भाग पाडली जात, आणि सुटताना तिथल्या गोष्टी कुठेही बोलणार नाही असं लिहून देत. टिटो १९८० साली गेले, तोवर या बेटाविषयी उघडपणे बोलणं जवळजवळ अशक्य होतं. चित्रपट त्यानंतर अवघ्या पाच वर्षांनी आला. पटकथा लिहिली होती सारायेव्होचा कवी अब्दुलाह सिद्रान याने आणि त्याच्या स्वतःच्या वडिलांनी ते बेट भोगलेलं होतं.

चित्रपटातला बाप मेशा याचा गुन्हा काय? सरकारी कामाच्या दौऱ्यावरून तो रेल्वेने परत येत असतो, सोबत त्याची मैत्रीण अंकित्सा असते. 'पोलितिका' या वर्तमानपत्रात एक व्यंगचित्र आलेलं असतं : कार्ल मार्क्स टेबलाशी लिहीत बसलाय आणि त्याच्या मागच्या भिंतीवर स्टालिनची तसबीर. मेशा ते पाहून एवढंच म्हणतो, की आता हे जरा अतीच झालं. बस. हा माणूस स्टालिनवादी वगैरे काही नाही. तो बायकांच्या मागे लागणारा, खाण्यापिण्याचा शौकीन, घरावर माया असलेला, थोडा लबाड असा तुमच्याआमच्यातला गृहस्थ आहे. अंकित्साला त्याच्याशी लग्न करायचं असतं आणि तो बायकोला सोडायला तयार नसतो. रागाच्या भरात ती ते वाक्य झियोच्या कानावर घालते. झियो सुरक्षा खात्यात अधिकारी आहे. तो मेशाच्या बायकोचा सख्खा भाऊ आहे. आणि त्याला अंकित्सा हवी आहे.

म्हणजे ज्याला आपण इतिहास म्हणतो, दोन साम्यवादी सत्तांमधली फाटाफूट म्हणतो, ती या घरापर्यंत पोहोचते ती मामाच्या हातून. राज्यसंस्थेचे डोळे प्रत्येक स्वयंपाकघरात पोहोचू शकत नाहीत, एवढी माणसं कुठल्याच सरकारकडे नसतात. मग ती काय करते? घरात आधीपासून साठलेला मत्सर, अपमान, वासना, वाटणीचे वाद हे सगळं ती उसनं घेते आणि त्याला देशहिताचं नाव देते. झियोला मेहुण्याविषयी काही करायचंच असेल, तर त्याला आता हात उगारायची गरज नाही, फाइल उघडली की झालं. उलट ते त्याचं कर्तव्यच ठरतं. या घरात सुंतेच्या निमित्ताने माणसं जमतात, मुलांचे लाड होतात, आणि त्याच दिवसांत बाप नाहीसा होतो. ज्या मामाने भाच्यांच्या कौतुकात भाग घ्यायचा त्यानेच त्यांच्या बापाला नेलंय, हे पडद्यावर कळतं तेव्हा अंगावर काटा येतो. कटकारस्थान म्हटलं की आपल्याला बंद दारामागच्या बैठका, सत्तेची गणितं, आमदारांची पळवापळवी दिसते. इथे ते भाऊबहिणीच्या नात्यात चालतं.

आणि त्या बहिणीचं काय? मला या चित्रपटातली खरी कणखर व्यक्ती तीच वाटते. नवरा कुठे आहे हे विचारायला तिला स्वतःच्या भावाच्या दारात उभं राहावं लागतं. ज्याने संसार मोडला त्याच्याशीच गोड बोलावं लागतं, कारण नवऱ्याची बातमी देऊ शकणारा तोच एक माणूस आहे. नवऱ्याची बाहेरची प्रकरणं तिला ठाऊक आहेत. त्याच्यावर चिडायचा तिचा हक्कसुद्धा या अटकेने हिरावून घेतलाय, कारण छावणीत गेलेल्या माणसावर चिडायचं कसं? ती शिलाई मशीन चालवते, दोन पोरं वाढवते आणि रोज तेच खोटं बोलते. मिर्याना कारानोविचने ही भूमिका इतक्या संयमाने केली आहे, की तिच्या चेहऱ्यावरचा थकवा अभिनय म्हणून जाणवतच नाही. राजकीय कैद्यांची चरित्रं लिहिली जातात, त्यांच्या नावाने सभा होतात. घरी राहून खोटं टिकवून धरण्याचं काम जिने केलं तिच्या वाट्याला यातलं काही येत नाही.

गोष्ट सांगतो धाकटा मुलगा मलिक, वय वर्षं सहा. गुटगुटीत, फुटबॉलवेडा आणि झोपेत चालणारा. रात्री उठून तो घराबाहेर जातो, पुलाच्या कठड्यावरून चालतो. त्याच्या पायाच्या बोटाला घंटी बांधून ठेवतात, म्हणजे तो उठला की कळावं. समीक्षकांनी या झोपेत चालण्यावर पुष्कळ लिहिलंय : सगळा देशच झोपेत चालत होता वगैरे. मला हे फार सोपं वाटतं. मला महत्त्वाचं वाटतं ते असं, की मलिक हळूहळू या आजाराचा उपयोग करायला शिकतो. आई त्याला घेऊन बापाला भेटायला जाते, दोघांना एका रात्रीचा एकांत हवा असतो, आणि पोरगं नेमकं त्यांच्या मध्ये येतं. पुढे सगळं कुटुंब द्रिना नदीकाठच्या झ्वोर्निक गावी राहायला जातं, तिथे त्याला माशा नावाची डॉक्टरची मुलगी आवडू लागते, आणि झोपेत चालणारे पाय तिच्या घराकडे वळतात. खरंच झोपेत आहे की सोंग? चित्रपट सांगत नाही. मोठी माणसं त्याच्याशी खोटं बोलतात आणि त्या बदल्यात तोही आपल्या भोळेपणाची ढाल करायला शिकतो. मूल बिघडलं असं मी म्हणणार नाही. त्या घरात, त्या काळात जगायला लागणारं कौशल्य त्याने कमावलं.

मूल मोठं होतं म्हणजे त्याला जगाची खरी ओळख होते, असं आपण धरून चालतो. या प्रकारच्या गोष्टी मात्र वेगळं काहीतरी दाखवतात. मलिकला खरं काय ते बऱ्यापैकी आधीच उमगलेलं असतं. त्याला शिकावं लागतं ते हे, की कोणती गोष्ट कुणासमोर उच्चारायची नाही. चित्रपटाच्या सुरुवातीला शेजारचे फ्रान्योकाका शेतात काम करणाऱ्यांना मेक्सिकन गाणी म्हणून दाखवतात, कारण या दिवसांत तीच सगळ्यात बिनधोक. रशियन गाणं म्हटलं तरी फसणार, अमेरिकन म्हटलं तरी. मोठ्या माणसाने काढलेली ही युक्ती गमतीची वाटते. पण ज्या मुलांचं बालपण ही युक्ती पाहत गेलं, त्यांच्या मनात गाण्याविषयी काय बसलं असेल, याचा विचार करून मला फार वाईट वाटतं.

शेवटी एक लग्न आहे. जुलै १९५२. बाप परत आलाय, सगळे नातेवाईक एका अंगणात जमलेत, मामा आहे, आता मामाची बायको झालेली अंकित्साही आहे. रेडिओवर हेलसिंकी ऑलिंपिकमधल्या युगोस्लाव्हिया विरुद्ध सोव्हिएत संघ या फुटबॉल सामन्याचं वर्णन चालू आहे. हा सामना प्रत्यक्षातही विलक्षण होता. युगोस्लाव्हिया ५-१ ने पुढे होता, सोव्हिएत संघाने ५-५ अशी बरोबरी केली आणि दोन दिवसांनी पुन्हा खेळवलेल्या सामन्यात युगोस्लाव्हियाने ३-१ ने बाजी मारली. स्टालिनने त्यानंतर सैन्याचा क्लबच बरखास्त केला. लग्नातले लोक त्या वर्णनावर जल्लोष करताहेत आणि तळघरात मेशा अंकित्सावर जबरदस्ती करतो. मलिक हे खिडकीतून पाहतो. नंतर ती बाई संडासातल्या साखळीने गळफास घ्यायचा प्रयत्न करते, साखळी तुटते, ती वाचते.

या प्रसंगाविषयी मी अनेक वर्षं अस्वस्थ आहे. काही जण याला बापाचा सूड समजतात आणि त्यात एक प्रकारचा न्याय पाहतात. मला ते मुळीच मान्य नाही. अंकित्साने चुगली केली, त्याची फळं एका कुटुंबाने भोगली, हे खरं. पण फाइल तिने उघडली नव्हती, छावणी तिने बांधली नव्हती. ज्याने ते केलं तो मामा अंगणात पाहुण्यांत बसलाय आणि त्याला हात लावायची मेशाची छाती नाही. छावणीतून परत आलेला माणूस आपल्यावर झालेला अन्याय ज्याच्यावर उतरवता येईल अशा सगळ्यात दुबळ्या देहावर उतरवतो. कुस्तुरित्साचा कॅमेरा या बाबतीत पुरेसा कठोर आहे का, याबद्दल माझ्या मनात शंका आहे, कारण त्या बाईचं दुःख पडद्यावर येतं ते जरा घाईतच. पण एक गोष्ट त्याने निर्विवाद बरोबर केली : हे सगळं मुलाच्या नजरेसमोर घडवलं. आजवर मलिकपासून बापाची अटक लपवलेली होती. आता त्याने जे पाहिलंय ते त्याला लपवायचं आहे, आईपासून. आईने दोन वर्षं सांभाळलेलं काम त्याच्या अंगावर आलं.

तैवानच्या एडवर्ड यांगचा १९९१ सालचा 'अ ब्रायटर समर डे' इथे शेजारी ठेवून पाहावा. जवळजवळ चार तासांचा चित्रपट, १९६० च्या आसपासचं तैपेई. १९४९ साली चीन हातचा गेल्यावर चँग कै-शेकच्या मागोमाग बेटावर आलेली कुटुंबं, त्यांची पोरं टोळ्या करून मारामाऱ्या करतात, एल्व्हिस प्रेस्लीची गाणी म्हणतात, आणि वर लष्करी कायदा, जो १९८७ सालापर्यंत उठला नाही. तिथल्या शाळकरी मुलाचा, शियाओ सरचा बाप तत्त्वाचा आहे. मुलावर शाळेत अन्याय झाला तेव्हा तो मुख्याध्यापकांना ठणकावतो आणि घरी येताना मुलाला सांगतो, की ताठ मानेने राहा. मग एके रात्री गुप्त पोलीस त्याला नेतात, जुन्या ओळखींविषयी दिवसरात्र लिहायला लावतात. परत येतो तो दुसराच माणूस. पुढच्या खेपेला शाळेत तो हात जोडून विनवण्या करतो, आणि मुलगा, बापाच्या जुन्या शिकवणीवर अजून विश्वास ठेवणारा, हातातली बॅट फिरवून दिवा फोडतो. मलिक जुळवून घ्यायला शिकला, हा मुलगा शिकू शकला नाही, आणि शेवटी त्याच्या हातून एका मुलीचा खून होतो. ही घटना १९६१ साली तैपेईत खरोखर घडली होती. त्या सुमारास यांग स्वतः त्याच शाळेत शिकत होता.

कुस्तुरित्साच्या चित्रपटाला १९८५ मध्ये कान महोत्सवाचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. परीक्षकमंडळाचा अध्यक्ष मिलोश फोरमन होता, ज्याचे आईवडील नाझी छावण्यांत मेले. दिग्दर्शक तेव्हा तीस वर्षांचा होता. सात वर्षांनी सारायेव्होला वेढा पडला. सिद्रान शहरातच राहिला, कुस्तुरित्सा सर्बियाच्या बाजूला गेला. एकेकाळी एका घरातल्या फुटीची गोष्ट मिळून सांगणारे दोघे जण पुढच्या फुटीत समोरासमोर उभे राहिले.

आपल्याकडे या गोष्टीची जागा रिकामी आहे, असं मला वाटतं. मराठीत राजकीय चित्रपटाची परंपरा भक्कम आहे : जब्बार पटेलांचे 'सामना' आणि 'सिंहासन'. मुलांच्या नजरेतून सांगितलेले चित्रपटही उत्तम आहेत, 'श्वास', 'टिंग्या', 'फँड्री', 'किल्ला'. 'फँड्री'तल्या जब्याने जातीचं राजकारण आपल्या अंगावर झेललंच. पण सत्तेचं राजकारण आणि मूल एकाच घरात क्वचितच दिसतात. 'सिंहासन'मध्ये सगळं पाहणारा डोळा दिगू टिपणीस या पत्रकाराचा आहे, म्हणजे ज्याचं कामच पाहणं आहे त्याचा. आणीबाणीत मिसाखाली पकडलेली माणसं येरवड्यात, नाशिकरोडला, ठाण्यात होती. त्यांची आठवणींची पुस्तकं आहेत, आणि ती बहुतेक तुरुंगातल्या दिवसांची आहेत : वर्ग, चर्चा, सामूहिक गाणी, एकमेकांचे पक्ष समजून घेणं. ती वाचताना मी नेहमी पानांच्या मध्ये घर शोधतो. ज्यांचे वडील १९७५ च्या जूनमध्ये गेले आणि १९७७ मध्ये परत आले ती मुलं आज पन्नाशी-साठीत आहेत, आपल्या आसपास राहतात. कुणी तरुण दिग्दर्शक यावर काम करायचं म्हणत असेल, तर त्याने तुरुंगाच्या भिंतीपासून सुरुवात करू नये. त्याने या माणसांकडे जाऊन बसावं आणि विचारावं : तुम्हाला घरी काय सांगितलं होतं, शाळेत बाईंनी विचारल्यावर तुम्ही काय सांगितलंत, त्या दीड-दोन वर्षांत कुठले काका तुमच्याकडे यायचे बंद झाले, आणि नंतर ते पुन्हा आले तेव्हा आईने त्यांना चहा केला का.