शंकासमाधान : गर्भिणीचे ताट

शंका : आमचे घर तीन पिढ्यांचे माळकरी. सुनेने लग्नानंतर आपण होऊन माळ घातली. तिला पाचवा महिना लागला आहे. रक्त तपासले तेव्हा बी-१२ कमी निघाले, म्हणून डॉक्टरीणबाईंनी रोज दोन अंडी खायला सांगितली. मुलगा म्हणतो, माळ तेवढे दिवस देवघरात ठेवू, बाळंतपण आटोपल्यावर पंढरीस जाऊन पुन्हा घालू. मला रात्री झोप लागत नाही. माळ उतरवली तर दोष, आणि न उतरवून बाळाला काही झाले तर त्याहून मोठा दोष. काय करावे? — एक सासू, फलटण

समाधान : बाई, सुनेच्या पोटातील जिवाच्या काळजीने जेथे सासूची झोप उडते, त्या घरचे संकट निम्मे तेथेच ओसरले, असे आम्ही समजतो. उरलेल्या निम्म्याविषयी लिहितो.

माळ उतरवण्याचे कारण नाही. आणि हे आम्ही आपल्या निष्ठेचा मान राखावा म्हणून नव्हे, तर जमाखर्च मांडून सांगत आहो. एका अंड्यात हे जीवनसत्त्व सुमारे अर्धा मायक्रोग्रॅम असते, पाव लिटर दुधात सुमारे एक मायक्रोग्रॅम, आणि गर्भिणीची रोजची गरज अडीच मायक्रोग्रॅमच्या आसपास आहे. म्हणजे दोन अंड्यांनी जे पदरात पडावयाचे ते एका मोठ्या पेलाभर दुधाने पडते. परंतु आपल्या सुनेचा प्रश्न रोजच्या भरण्याचा नाही, मागील थकबाकीचा आहे, आणि ती थकबाकी अंड्यांनी फिटत नाही तशी दुधानेही फिटत नाही. तिला डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी किंवा सुई हाच उपाय. यातील मौज अशी की हे द्रव्य कोणतीही वनस्पती निर्माण करीत नाही आणि कोणताही प्राणीही करीत नाही. ते निर्माण करतात सूक्ष्म जंतू. गाईम्हशींच्या पोटात ते हे काम करतात, आणि औषधाच्या कारखान्यात त्यांनाच मोठमोठ्या टाक्यांत वाढवून त्यांच्याकडून हे काम करवून घेतात. तेव्हा गोळीतील या औषधासाठी कोणाचा जीव घेतलेला नसतो. व्रताचा भंग न करणाऱ्या ज्या आठ गोष्टी धर्मशास्त्रात प्रसिद्ध आहेत, त्यांत पाणी, कंद, फळ आणि दूध यांच्या पंक्तीला औषध स्पष्ट शब्दांत बसवलेले आहे.

गर्भिणीच्या पांडुरोगावर मांसावाचून तरणोपाय नाही, हा समज विद्वानांतही एके काळी होता, आणि तो ढळला तो आपल्याच मुंबईत. १९२६ साली मायनॉट आणि मर्फी या अमेरिकन वैद्यांनी एका दुर्धर पांडुरोगावर यकृत खाऊ घालून गुण आणला, तेव्हा सर्वत्र यकृताचा जयजयकार झाला. पुढे १९२८ साली ल्यूसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टरीण मुंबईस आली आणि परळच्या हाफकिन संस्थेत राहून, कापडगिरण्यांच्या वस्तीतील गरीब गर्भिणींना जो पांडुरोग ग्रासीत असे त्याचा शोध करू लागली. त्या बायांना गुण आला तो यिस्टच्या, म्हणजे पाव फुगवणाऱ्या किण्वाच्या, स्वस्त अर्काने. आणि पुढे असेही दिसून आले की शुद्ध केलेला यकृताचा अर्क जेथे निष्फळ ठरला तेथे हा किण्वाचा अर्क लागू पडला. किण्वाचा हा गुण तिने १९३१ सालीच प्रसिद्ध केला होता. त्यानंतर दहा वर्षांनी त्यातील गुणकारी द्रव्य हाती लागले ते पालकाच्या पानांतून, आणि पानावरूनच त्याला फॉलिक ॲसिड हे नाव मिळाले. आज सरकारी दवाखान्यातून गर्भिणीला १८० दिवस जी गोळी मिळते, तिच्यात साठ मिलिग्रॅम लोहाबरोबर पाचशे मायक्रोग्रॅम तेच द्रव्य असते.

मात्र त्या गोळीवर विसंबून बी-१२ कडे दुर्लक्ष करू नये. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी १९९३ पासून पुण्यानजीकच्या सहा गावांतील माता व त्यांची मुले यांचा जो दीर्घ अभ्यास चालविला, त्यात सुमारे दोन तृतीयांश मातांच्या रक्तात बी-१२ कमी आढळले. आणि ज्या मातांच्या अंगी फॉलिक भरपूर पण बी-१२ तुटपुंजे होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षीच मधुमेहाकडे झुकणारी लक्षणे अधिक दिसली. गोळी बंद करावी असा याचा अर्थ नाही. दोन्ही द्रव्ये सुनेला मिळत आहेत ना, एवढे डॉक्टरीणबाईंना विचारून घ्यावे.

आता थोडे कडू बोलतो, ते आपल्या घरास लागू नसेल तर सोडून द्यावे. आमच्या लहानपणी वाड्यात दूध तापले की पहिला पेला आजोबांचा, दुसरा शाळेत जाणाऱ्या मुलांचा, साय विरजणाला, आणि मग पातेले विसळून ते पांढुरके पाणी धाकट्या काकूच्या चहात पडे. काकूला तेव्हा सातवा महिना होता. पुरुष उठले, मुले उठली, पाहुणा असल्यास तो उठला की ती तळाची आमटी आणि भाकरीचा अर्धा चतकोर घेऊन चुलीपाशी बसे. आणि आम्हां पोरांच्या दप्तरांतून पाटीवरच्या पेन्सिली नाहीशा होत, त्या तीच खात असे, हे आम्हांला फार पुढे कळले. रघुवंशातील सुदक्षिणेला मातीचे डोहाळे लागले तेव्हा राजाला त्यात काव्य दिसले. आजचा वैद्य तेथे प्रथम रक्तातील लोह तपासतो. शाकाहारी घरात गर्भिणी सुकते ती पुष्कळदा शाकाहाराने नव्हे, पंगतीच्या क्रमाने सुकते. मनूचे सगळेच बोल आम्ही शिरोधार्य मानीत नाही, पण गर्भिणीला अतिथीच्याही आधी, विचार करीत न बसता, जेवू घालावे हे त्याचे सांगणे आम्हांस बिनतक्रार मान्य आहे. सुनेचे ताट आधी वाढा. त्यात दाट वरण किंवा उसळ, भाकरी, शेवग्याची किंवा राजगिऱ्याची पालेभाजी आणि वर लिंबाची फोड असू द्या, कारण लिंबाने भाजीतील लोह अंगी लागते आणि जेवणावर घेतलेल्या चहाने ते वाया जाते. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकाच वेळी देऊ नये, एवढेही ध्यानात असू द्यावे.

शंका : माझी मुलगी वीगन झाली आहे. दूध, दही, तूप तर नाहीच, मधसुद्धा नको म्हणते. आता तिला दिवस गेले आहेत आणि बाळंतपणाला ती माझ्याकडे येणार आहे. गोकुळातल्या कृष्णाने जे खाल्ले ते हिला पाप वाटते! आमचे वैद्यबुवा म्हणतात, चरकाने पहिल्या महिन्यापासून दूध सांगितले आहे. तिच्या नकळत भाजीत तूप घातले तर चालेल काय? — एक आई, नाशिक

समाधान : चालणार नाही. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर प्रथम देतो, कारण त्यात संशयाला जागा नाही. दुसऱ्याचे व्रत त्याच्या नकळत मोडणे ही फसवणूक होय, आणि ती आईने केली म्हणून तिचे वात्सल्य होत नाही.

वैद्यबुवांचा दाखला खरा आहे. चरकाची मासानुमासिक परिचर्या दुधापासून सुरू होते आणि लोणी व तूप यांवरून पुढे सरकते. परंतु ती चिकित्सा आहे, विधी नव्हे. उपलब्ध अन्नांत जे पचायला सुखाचे आणि पोषक ते त्याने सांगितले. दूध पिणे हे धर्माचे फर्मान असते, तर गांधीजींनी गाईम्हशींचे दूध सोडले नसते. त्यांचेही कारण आपल्या मुलीच्या कारणापासून फार दूर नव्हते. दुभत्या जनावरांचे दूध अखेरच्या थेंबापर्यंत काढण्याच्या ‘फुंका’ नावाच्या रीतीतील क्रौर्य त्यांच्या मनाला लागले होते. १९१८ साली खेडा जिल्ह्यातील दगदगीनंतर ते मरणोन्मुख झाले, मुंबईच्या डॉ. दलालांनी दुधावाचून अंग भरून येणार नाही असे बजावले, तेव्हा कस्तुरबांनी बकरीच्या दुधाची वाट दाखविली आणि ते ती चालले. पण आपण व्रताचे अक्षर पाळले आणि त्याचा आत्मा दुखावला, ही टोचणी त्यांनी आत्मकथेत झाकून ठेवलेली नाही. तेव्हा आपल्या मुलीला परदेशी खूळ लागले, असे म्हणण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

एवढी तिची वकिली केल्यावर आता तिच्याशी बोलतो, आणि हा मजकूर आपण तिला वाचून दाखवावा. गांधीजींनी जो धोका पत्करला तो स्वतःच्या देहावर पत्करला. तुझ्या निश्चयाचा भार मात्र असा एक जीव वाहणार आहे, ज्याची संमती घेण्याची सोय नाही. इंग्लंडात वीगन मंडळी १९४४ साली संघटित झाली, आणि बी-१२ हे द्रव्य शुद्ध स्वरूपात हाती आले १९४८ साली. म्हणजे व्रत आधी आले, त्यातील उणीव मागून कळली. ज्या मातेच्या अंगी हे द्रव्य नाही तिच्या दुधातही ते उतरत नाही. अशी केवळ अंगावर पिणारी मुले काही महिन्यांत मलूल होतात, हसणे-बसणे विसरतात, त्यांचे हात थरथरू लागतात, आणि हा विकार आपल्याकडील बालरोगवैद्यांच्या चांगला परिचयाचा आहे. इडली आंबवल्याने किंवा शेवाळाची वडी गिळल्याने ही तूट भरून निघते, असे सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नकोस. दूध पिणाऱ्या स्त्रीस एखादे वेळी गोळीवाचून निभावता येईल. तुला ती गरोदरपणी आणि बाळ अंगावर पीत असेतो टाळण्याची मुभा नाही. मिठात आयोडीन असलेच पाहिजे. जवसाची चटणी उत्तम खरी, पण मासे खाणाऱ्यास जे स्निग्ध द्रव्य आयते मिळते ते जवसापासून शरीर फार थोडे तयार करते. तेच द्रव्य शैवालापासून काढलेले मिळते, त्याविषयी डॉक्टरांना विचार.

आणि आई, आपला हात मोडला असे समजू नका. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तेवढ्याच दुधात सव्वाशेच्या आतबाहेर. तीळ तर नाचणीच्याही पुढे. नाचणीची पेज नारळाच्या दुधात करावी. बाळंतपणात तुपातल्या डिंकावर अडून बसू नये. अळीव नारळाच्या पाण्यात भिजवून, ओला नारळ आणि गूळ घालून मंद आचेवर हलवले की लाडू वळता येतात, आणि कढईला तुपाचे बोट लावले नाही तरी ते बिघडत नाहीत. ते मात्र प्रसूतीनंतर. आधी देऊ नयेत, ही आपल्या आईआज्यांची रीत मोडण्याचे कारण नाही.

शंका : सहावा महिना आहे. आषाढी एकादशी मी दर वर्षी निर्जळी करते. सासरे म्हणतात, आईने उपवास केला तर पोटातल्या बाळावर तसा संस्कार होतो. — एक वाचक, बार्शी

समाधान : निर्जळी उपवास करू नये. धर्मशास्त्रावरील निबंधकारांनी गर्भिणीला आणि सूतिकेला व्रतात सवलत दिली आहे, आणि ज्याला व्रत झेपत नाही त्याच्या वतीने पती, पुत्र, भाऊ अशा जवळच्यांनी ते करावे, अशी प्रतिनिधीची तजवीजही केली आहे. ज्या धर्मसिंधूचा आधार महाराष्ट्रात अजून घेतला जातो तो लिहिणारे काशीनाथ उपाध्याय पंढरपूरचेच. विठ्ठलाच्या गावच्या शास्त्र्याला एकादशीचे वावडे असेल, अशी शंका कोणी घेऊ नये. मामंजींचा उत्साह दांडगा दिसतो, तेव्हा या वर्षी सुनेची निर्जळी त्यांनी आपल्या एकादशीत जमा धरावी. आपण फराळ करावा, पण साबुदाण्याच्या खिचडीवर दिवस काढू नये, कारण साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट. राजगिरा, दाणे, दूध, फळे घ्यावीत. उपवासाला चालते म्हणून सैंधव आणले असेल तर ते त्या एका दिवसापुरते ठेवावे. रोजच्या स्वयंपाकात आयोडीनयुक्त मीठच वापरावे.

शंका : माहेर मालवणचे, सासर कऱ्हाडचे. सासरी कोणी मासे खात नाही. लग्नानंतर मीही सोडले, पण माळ वगैरे घातलेली नाही. चौथ्या महिन्यापासून बांगड्याच्या तिखल्याची इतकी आठवण येते की डोळ्यांत पाणी येते. हे सासूबाईंना सांगायलाही लाज वाटते. बाळावर वाईट संस्कार होईल का? — एक सून

समाधान : चि. सौ. मुली, लाजेचे काही नाही. गर्भिणीला दोन हृदये असतात, म्हणून तिच्या इच्छेत दुसऱ्या हृदयाचीही मागणी असते, असे आपल्या आयुर्वेदाने मानले. डोहाळे न पुरविल्यास गर्भाला दोष लागतो असे याज्ञवल्क्यस्मृतीत आहे, आणि सुश्रुताने तर चौथ्या महिन्यात दुधालोण्याबरोबर रानातील प्राण्यांचे मांसही सांगितले आहे. दोन हृदयांची उपपत्ती आजचा वैद्य मान्य करणार नाही, परंतु बांगड्याला त्याचीही हरकत नाही. मोठ्या शिकारी माशांत साचणारा पारा या लहान माशात कमी असतो. तो ताजा असावा आणि पुरता शिजलेला असावा, एवढेच.

तू घरची रीत म्हणून मासे सोडलेस, संकल्प करून नव्हे. रीत ज्या घरची त्या घरात ती पाळावी. सासूबाईंना तू स्वतः सांग, दुसऱ्याच्या तोंडून कळू देऊ नकोस. बहुधा त्यांनाही त्यांच्या वेळचे काही तरी आठवेल, जे कोणी पुरवले नव्हते. मग चार दिवस माहेरी जा. तिरफळे घातलेले तिखले रात्रभर मुरू दे आणि दुसऱ्या दिवशी भाताबरोबर खा. वाटेत खाडी ओलांडण्याचा प्रसंग आला तर दोन महिन्यांवरील गर्भिणीला नावेचा उतार मनुस्मृतीने माफ केलेला आहे. तांडेल ऐकेलच, याची मात्र आम्ही हमी देत नाही.