न दिसणारी झिलई

खामगावच्या चांदीचा लौकिक आपल्या बुलढाणा जिल्ह्याच्या सीमा ओलांडून दूरवर गेलेला आहे. ‘रजतनगरी’ हे नाव त्या गावाने आपल्या कारागिरांच्या हातांनी मिळविले. चांदीच्या समईला किंवा ताटाला कारागीर झिलई देतो ती पाहणाऱ्याच्या डोळ्यांसाठी. त्यात गैर काहीच नाही; वेदीवरील चषकही आपण लख्ख ठेवतोच. परंतु त्याच खामगावातून नांदुरा-मलकापूरकडे जाणाऱ्या महामार्गाच्या कडेला मोटार-मिस्त्रींची दुकाने आहेत. जुन्या गाडीचे इंजिन उघडून कोणी मनापासून काम करीत असेल, तर तेथे झिलईचा दुसराच प्रकार पाहावयास मिळतो. ही झिलई इंजिनाच्या पोटात असते. हेड बसवून नट आवळले की ती मालकालाही दिसत नाही आणि मिस्त्रीलाही नाही. जे कोणी पाहणार नाही ते इतके सुबक का करावे, आणि असे करणे हे शहाणपण की केवळ हौस, या प्रश्नाचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

काम कसे चालते ते आधी पाहू. ओतीव लोखंड किंवा ॲल्युमिनियम साच्यातून निघते तेव्हा सिलिंडर हेडमधील वाटा, ज्यांतून हवा व पेट्रोल आत येते आणि धूर बाहेर जातो, खडबडीत राहतात. मॅनिफोल्ड, गॅस्केट आणि हेड यांची तोंडे एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत. आत येणारा प्रवाह त्या कंगोऱ्यांवर अडखळतो. कारागीर ते कंगोरे काढतो, तोंडे जुळवितो, झडपा त्यांच्या बैठकींवर पेस्ट लावून घासतो, चारही कनेक्टिंग रॉड तोलून सर्वांत हलक्याच्या वजनाला आणतो आणि त्यांच्यावरील ओरखडे घासून नाहीसे करतो. धातूला तडा जातो तो बहुधा अशाच एखाद्या क्षुल्लक ओरखड्यापासून. मग अधिक चांगले पिस्टन किंवा दुसरा कार्ब्युरेटर बसविला, की तेच इंजिन पूर्वीपेक्षा अधिक जोर देऊ लागते.

ही परकीय श्रीमंतांची करमणूक आहे, असे कोणी म्हणेल. तथापि आपल्या घरोघरी ठाऊक असलेल्या एका गाडीचा या कलेशी जवळचा संबंध आहे. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ला येथील कारखान्यातून फियाट ११०० आणि पुढे १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने जी गाडी बाहेर पडत असे, तिचे इंजिन १०८९ घनसेंटिमीटरचे होते. मुंबईच्या टॅक्सींमधून ती ऑक्टोबर २०२३ अखेर निवृत्त झाली. त्या इंजिनाचे घराणे मात्र १९३७ च्या इटलीपर्यंत मागे जाते. मुळात सुमारे ३२ अश्वशक्ती देणारे ते साधेसुधे कौटुंबिक इंजिन तूरिन शहरातील चिसितालिया या छोट्या कारखान्याने घेतले, त्यात सुधारणा केल्या, आणि त्यातून ५० हून अधिक अश्वशक्ती काढून ‘२०२’ नावाची शर्यतीची गाडी उभी केली. १९४७ च्या मिल्ले मिल्या शर्यतीत ताझिओ नुव्होलारी याने या गाडीने दुसरा क्रमांक मिळविला. तिचेच एक बंदिस्त रूप न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयाने कलाकृती म्हणून आपल्या संग्रहात ठेवले आहे. लग्नाच्या वरातीत फुलांनी सजवून आपण जी फियाट ओढून नेली, तिच्या पोटात अशी शक्यता निजलेली होती!

आता या कामातील एक गोष्ट विचार करायला लावते. सामान्य माणसाची कल्पना अशी, की जितके गुळगुळीत तितके चांगले. जाणकार मिस्त्री तसे मानीत नाही. धूर बाहेर जाण्याची वाट तो आरशासारखी करतो, कारण तेथे काजळी कमी धरते. कार्ब्युरेटरच्या इंजिनात पेट्रोल आत येण्याची वाट मात्र तो मुद्दाम किंचित खरखरीत ठेवतो. फार गुळगुळीत केली तर पेट्रोलचे थेंब हवेत मिसळलेले न राहता भिंतीला चिकटतात. सिलिंडरच्या आतील भिंतीवर तर तो एकमेकींना छेदणाऱ्या बारीक तिरप्या रेषा स्वतः ओढतो. त्या रेषांत तेल टिकते. भिंत आरशासारखी झाली तर तेल धरत नाही आणि पिस्टनच्या रिंगाही नीट बसत नाहीत.

म्हणजे कुठे किती घासावे हे त्या भागाचे प्रयोजन ठरविते, डोळ्यांची हौस नव्हे. आपण आपल्या मुलांना घडवितो तेव्हा हे विसरत नाही ना? शिकवणी वर्ग, स्पर्धा आणि टक्केवारी यांनी घासून घासून त्यांना चकचकीत करावयाचे, आणि दुःख, अपयश, शेजाऱ्याची गरज यांचा एकही ओरखडा उमटू द्यायचा नाही, असा अट्टहास अनेक घरांत दिसतो. ज्या मनावर काही टिकत नाही, त्यावर प्रार्थनाही टिकत नाही. परुश्यांनी ताटाची बाहेरची बाजू घासली म्हणून प्रभू येशूने त्यांना बोल लावला. परंतु आतली बाजू स्वच्छ करणे म्हणजे तिला केवळ चमक आणणे, असाही त्याचा अर्थ नव्हता.

दुसरा प्रश्न तत्त्वज्ञांचा आहे. पिस्टन नवे, झडपा नव्या, कार्ब्युरेटर दुसरा. मग गाडी तीच का? मिलिंद राजा आणि भिक्षू नागसेन यांच्या संवादात रथाविषयी हाच विचार येतो, आणि चाके, आस, दांडी यांच्या एकत्र येण्याला दिलेले व्यवहारातले नाव म्हणजे रथ, असे तेथे सुचविले जाते. गाडीच्या बाबतीत हे आपणही मान्य करावे. तिच्यात आत्मा नाही. तिचे ‘तेच’पण आपण तिच्या घडणीला व आठवणींना दिलेले असते. म्हणून या बाबतीतला नैतिक प्रश्न सचोटीचा उरतो. सुधारलेली गाडी ‘मूळ स्थितीतली’ म्हणून विकणे हे असत्य आहे, मग काम कितीही देखणे असो.

माणसाचे तसे नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी देहाच्या पुनरुत्थानाची चर्चा करताना शेकोटीचा दाखला घेतला आहे: लाकडे जळून जातात, नवी पडतात, तरी आग तीच असते. देहातील द्रव्य येते आणि जाते, आत्मा मात्र तोच. गुडघा बदललेली आजी किंवा हृदयात यंत्र बसविलेले आजोबा कोणाचे सुधारलेले अथवा मोडकळीस आलेले नमुने नव्हेत. किती अश्वशक्ती उरली, यावरून घरातील म्हाताऱ्यांची किंमत ज्या दिवशी ठरू लागते, त्या दिवशी आपण माणसाला गाडी मानले असे समजावे.

तिसरा प्रश्न सर्वांत व्यवहाराचा, आणि आपल्या जिल्ह्यात सर्वांत जिव्हाळ्याचा. अक्वायनस दोन सद्गुणांत भेद करतात. वस्तू योग्य रीतीने घडविण्याची बुद्धी म्हणजे कला. कृती योग्य रीतीने करण्याची बुद्धी म्हणजे विवेक. चांगला कारागीर असणे आणि चांगला माणूस असणे या दोन गोष्टी आपोआप एक होत नाहीत. इंजिनाचा जोर वाढविला, पण ब्रेक साठ वर्षांपूर्वीचेच ठेवले, तर कला आहे आणि विवेक नाही. समृद्धी महामार्ग आपल्या मेहकर-सिंदखेडराजा भागातून जातो. १ जुलै २०२३ च्या रात्री सिंदखेडराजाजवळ त्या रस्त्यावर खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी होरपळून गेले. त्या अपघाताची कारणमीमांसा करण्याचा येथे हेतू नाही. परंतु जेथे अशी घटना घडली त्या मातीत राहणाऱ्या आपण वेगाविषयी हलकेपणाने बोलू नये. म्हणून थांबविण्याची शक्ती आधी वाढवावी, पळविण्याची मागाहून, हा क्रम मिस्त्रीलाही लागू आहे आणि किल्ली मागणाऱ्या मुलाच्या बापालाही.

शेवटी एक आक्षेप उरतो, आणि तो टाळता येण्याजोगा नाही. ज्या जिल्ह्यात कर्जाच्या ओझ्याखाली शेतकरी जीव देतो, तेथे शौकाच्या गाडीवर पैसा घालणे शोभते का? खेळ व विसावा यांनाही ख्रिस्ती नीतीत स्थान आहे. अक्वायनस त्यांत एक सद्गुण पाहतात, मात्र प्रमाण राखून. ते प्रमाण पुढील गोष्टींनी तपासावे. मिस्त्रीचा मेहनताना वेळेवर आणि पुरेसा दिला जातो का? त्या खर्चापायी घरातील कोणाचे औषध किंवा शिक्षण अडते का? दाराशी गरजू आला तर गाडीखालून उठून त्याच्याकडे जाणे जमते का? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे सरळ देता आली, तर जुने फेकून न देता दुरुस्त करून जपणे हे वाया घालविण्याच्या आजच्या संस्कृतीत उलट भलेच ठरेल. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मधील ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात त्याच फेकून देण्याच्या वृत्तीविषयी चिंता व्यक्त केली होती.

नाझरेथच्या सुताराने बनविलेले एकही औत आज उरलेले नाही. पण त्याच्या लाकडाची आतली, जमिनीत जाणारी बाजूही त्याने नीट तासली असेल, असे आपण सहज धरून चालतो. तो गुप्तपणे पाहणाऱ्या पित्यासमोर काम करीत होता, हेच त्या विश्वासाचे कारण. हेड बसवून नट आवळण्यापूर्वी मिस्त्री शेवटचे एकदा आत बोट फिरवून पाहतो, तेव्हा त्याला ते ठाऊक असो वा नसो, तोही त्याच पित्यासमोर उभा असतो.