चालू बेरीज

वोल्फ्सबुर्गात मिटेललांड कालव्याच्या काठाने मोटारींचा अवाढव्य कारखाना पसरला आहे. त्याच्या वीजघराची चार धुराडी लांबूनही दिसतात. शहराबाहेरच्या एका खेड्यात, जिथून ती बोटाएवढी दिसत, एका म्हाताऱ्या टर्नरचं वर्कशॉप होतं. मशीनं चार, माणसं सहा. तो पितळी बुश करायचा. ते जायचे एका मोठ्या पुरवठादाराकडे, आणि त्याच्याकडून जोडकाम होऊन कारखान्यात. म्हाताऱ्याचा हात असा, की मायक्रोमीटर लावायचा तो केवळ रिवाज म्हणून.

हिशोब मात्र फसायचा. पुरवठादाराकडून दर आठवड्याला मागणीपत्रक येई. जर्मनीतल्या मोटार उद्योगाची संघटना व्हीडीए. तिने ठरवलेल्या ४९०५ क्रमांकाच्या नमुन्यात ते असायचं. प्रत्येक ओळ बरोबर १२८ अक्षरांची, सुरुवातीला तीन आकडी खूण. ५११ म्हणजे कोणाकडून कोणाला, ५१२ म्हणजे कोणता भाग, ५१३ म्हणजे आजवर किती पोचला आणि पुढे कधी किती हवा. मोठ्यांची कॉम्प्युटरं हे आपापसात वाचतात. छोट्यांना तेच इंटरनेटवर पान उघडून वाचावं लागतं. म्हातारा पान उघडायचा, चष्मा लावायचा आणि त्यातलं ‘कधी किती’ तेवढंच वहीत उतरवायचा.

मागच्या आठवड्यात ३,००० लिहिले होते. या आठवड्यात पुन्हा ३,०००. म्हातारा म्हणाला, सहा हजार झाले, आणि त्याने रात्रपाळी लावली. माल भरलेल्या निळ्या पेट्यांची चळत खिडकीपर्यंत आली.

हिशोबाला आठवड्यातून तीन दिवस एक मुलगी यायची. मूळची सांगलीकडची, नवऱ्याच्या नोकरीपायी इथे आलेली. रविवारी तिने घरी फोन लावला. वडिलांनी उभा जन्म दुधाचा रतीब घातला होता.

“बाबा, गिऱ्हाईक दर आठवड्याला नवी चिठ्ठी देतं. जुनी ठेवायची की फाडायची?”

“चिठ्ठीवर आहे काय ते सांग आधी.”

“वर लिहिलंय, वर्षाच्या सुरुवातीपासून आजवर १२,००० पोचले. खाली, वीस तारखेपर्यंत आणखी ३,००० हवेत. मागच्या चिठ्ठीतही हेच होतं.”

“मग फाड जुनी. एकूण लिहिणाऱ्याची नवी चिठ्ठी जुनीला पोटात घेऊनच येते. वाड्यातल्या आजी आठवतात? त्या रोजचं दूध नाही लिहायच्या, एक तारखेपासूनचं एकूण लिहायच्या. आज दोन, उद्या चार, परवा सहा. मीही तेच लिहायचो. मधला दिवस लिहायचा राहिला तरी पुढच्या आकड्यात तो येतोच. आणि नाही जुळलं, तर त्याच दिवशी कळायचं; महिनाअखेरीपर्यंत रुसवा साठत नसे. दोघांनी एकाच ठिकाणापासून मोजावं पोरी, म्हणजे भांडायला जागा उरत नाही.”

“इथे त्या आकड्याला फोर्टश्रिट्सत्साल म्हणतात.”

“आजी नुसतं ‘झालं इतकं’ म्हणायच्या.”

सोमवारी मुलीने भिंतीवरच्या फळ्यावर दोन रकाने आखले. पोचले, १२,०००. पाठवले, १२,६००.

“हे सहाशे गेले कुठे?” म्हातारा तडकून म्हणाला.

“वाटेत आहेत. ट्रकमध्ये.” तिने मागणीपत्रकावर बोट ठेवलं. गिऱ्हाइकाने शेवटचं कोणतं डिलिव्हरी चलन जमेला धरलं, त्याचा नंबर तिथेच होता. त्यानंतरची दोन चलनं म्हाताऱ्याच्या फायलीत होती, तीनशे-तीनशेची. म्हणजे वीस तारखेपर्यंत पंधरा हजार पुरे करायला लागणार होते २,४००. सहा हजार नव्हे.

म्हातारा बराच वेळ पेट्यांच्या चळतीकडे पाहत राहिला. मग त्याने रात्रपाळी रद्द केली.

व्यवहाराच्या कागदांची अशी कॉम्प्युटरवरून देवाणघेवाण, म्हणजे ईडीआय, घ्यायचं म्हटलं की छोटा कारखानदार आधी सॉफ्टवेअरचा भाव विचारतो. भोसरीत विचारतो, तसाच तिथेही. पण या म्हाताऱ्याची रात्रपाळी पान न उघडल्यामुळे लागली नव्हती. पान तर तो नेमाने उघडत होता. नमुने बदलतातच. ४९०५च्या जागी एडिफॅक्ट या आंतरराष्ट्रीय प्रमाणावर बेतलेला ४९८४ आणला गेला, ओळींची ठेवण पार बदलली, आणि चालू बेरजेचा रकाना त्यातही आहेच.

वर्ष बदललं की ही बेरीज सहसा शून्यावर आणतात. ३१ डिसेंबरला मुलीने फळा पुसला. पोचले, ०. पाठवले, ०. ती कोट घालत होती तेव्हा म्हातारा फळ्याशी आला. बाहेर बर्फ पडत होतं. सकाळी निघालेला ट्रक आता गिऱ्हाइकाच्या फाटकावर दोन तारखेलाच लागणार होता.

त्याने दुसरं शून्य बोटाने पुसलं आणि तिथे लिहिलं, ४००. मग हाताचा खडू झटकून दिवा मालवला.