पेठ वसते कशानं?

समृद्धी महामार्गाचे ७०१ किलोमीटर पुरे झाले तसं ‘वसवणं’ हे क्रियापद फार सढळ हातानं वापरलं जाऊ लागलं. इंटरचेंजलगतच्या शेतांचा नकाशा काढायचा, भूखंड आखायचे, त्यावर गोदामं आणि शीतगृहं रंगवायची, आणि जाहीर करायचं की इथे कृषी समृद्धी नवनगर वसणार. रस्ता आला की पेठ मागोमाग येते, हे त्यात गृहीत असतं. कुणी शंका काढली तर वऱ्हाडाचा दाखला तयार असतो: रेल्वे आली, कापूस विलायतेला जाऊ लागला आणि खामगाव, अकोला, अमरावती उभी राहिली. मला हा दाखला खोटा वाटतो. वऱ्हाडातल्या लहान शहरांनी रुळांची वाट पाहिली नव्हती, आणि त्यांचं जे हिरावलं गेलं तेही रुळांनी नेलं नाही.

आपल्याकडे वाद होतो तो खेडं आणि शहर यांचा. आत्र्यांचा ‘गाव-गाडा’ १९१५ चा, गांधींचं खेडं सर्वांच्या ओळखीचं, घटना समितीतली आंबेडकरांची खेड्यावरची टीकाही पाठ असते. या दोहोंमधला कसबा मात्र कुणाच्याच बाजूचा नाही, म्हणून त्याची व्याख्या करायचं राहून गेलं. जुन्या दप्तरात ती स्पष्ट आहे. मौजे म्हणजे साधं गाव. कसबा म्हणजे परगण्याचं ठाणं, देशमुख-देशपांड्यांचं गाव. आणि पेठ वसवायची तर राज्यकर्ता कौल द्यायचा: व्यापाऱ्यांनी यावं, घरं बांधावीत, इतकी वर्षं जकात माफ, पुढे ती चढत्या दरानं. पेठेला शेटे आणि महाजन असत, त्यांचे हक्क वतनी होते. कौल हे दोन्ही बाजूंचं वचन होतं. सरकारानं तो मोडला तर पेठ उठून दुसरीकडे जाई, आणि ही भीती सरकारालाही असे. ‘वसवणं’ या शब्दात तेव्हा वसणाऱ्याची मर्जी सामील होती.

कारंजा लाडचं उदाहरण घ्या. गावाच्या चार वेशींची नावं दिल्ली, दारव्हा, मंगरूळ आणि पोहा. एक वेस थेट राजधानीच्या वाटेकडे तोंड करून, बाकीच्या शेजारच्या गावांकडे: या चार नावांत त्या गावाचा सगळा भूगोल आला. १६७० मध्ये शिवाजी महाराजांच्या फौजेनं वऱ्हाडात इतक्या आत शिरून कारंजा लुटलं, ते तिथे लुटण्याजोगं होतं म्हणून. सेनगण आणि बलात्कारगण या जैन परंपरांच्या भट्टारकांची पीठं तिथे होती. त्यांच्या भांडारांतली अपभ्रंश हस्तलिखितं पुढे हिरालाल जैनांसारख्या अभ्यासकांनी उजेडात आणली. पोथी लिहवून घ्यायला आणि पिढ्यान्‌पिढ्या जपायला पैसा लागतो, तसा स्वतःच्या गावाविषयीचा भरवसाही लागतो.

पुढचा भाग सर्वांना माहीत आहे, म्हणून भराभर सांगतो. १८५३ मध्ये वऱ्हाडाचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे आला, १८६१ ते १८६५ च्या अमेरिकेतल्या युद्धानं कापसाचे भाव चढले, १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. खामगावला जलंबहून फाटा मिळाला तो १८७० मध्ये, आणि तो मिळाला कारण कापसाचा बाजार तिथे आधीच भरत होता. रूळ बाजाराला शोधत आले.

ज्या वळणाचा अर्थ सगळे चुकीचा लावतात ते याच्या नंतरचं आहे. १८८६ मध्ये हैदराबादच्या रेसिडेंटच्या हुकुमानं देशातला पहिला नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला, तो कारंज्यात. तेव्हा कारंज्याला रेल्वे नव्हती. मूर्तिजापूर-यवतमाळची छोटी गाडी तिथे विसाव्या शतकात आली. रस्ता आणि पेठ यांचं नातं इतकं सरळ असतं तर हा मान खामगावला मिळायला हवा होता. १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजाराचा कायदाच झाला. पाठ्यपुस्तकात हे शेतकऱ्याच्या संरक्षणाचं पहिलं पाऊल म्हणून येतं. पण हेतू विलायतेतल्या गिरण्यांना बिनभेसळीचा कापूस रास्त भावात मिळावा हा होता, आणि कायद्यानं नेमलेल्या समितीत नगरपालिकेचे सदस्य होते, व्यापारी होते, कापूस पिकवणारा नव्हता. बाजार कुठे भरेल, कोण अडत करील, कोण तोलील, हे ठरवण्याचा अधिकार पेठेच्या अंगचा होता. तो आता परवान्यानं मिळू लागला आणि परवाना देणारा गावाबाहेर बसला. पेठ तिथेच राहिली, कौल गेला. एका पक्षाचं वचन उरलं नाही, दुसऱ्याचं पालन तेवढं उरलं.

यावर आक्षेप येईल की जुनी पेठ काही धर्मराजाचा दरबार नव्हती. खरंच नव्हती. बैलगाडीपाशी अडत्या आणि खरेदीदार रुमालाखाली हात घालून बोटं दाबून भाव ठरवायचे. गाडीचा मालक शेजारी उभा असायचा आणि आपल्या कापसाचा भाव त्यालाच कळत नसे. वर कडता, धर्मादाय, हमाली, नमुना म्हणून उचललेली मूठ. हे थांबवायला कायदा हवाच होता, आणि उघड लिलाव, खरी वजनं ही मोठीच कमाई आहे. माझं म्हणणं इतकंच की रुमाल काढून घेताना ठरवण्याचा हक्क गाडीवाल्याला देता आला असता; तो त्याला दिला नाही. मुंबई इलाख्याच्या १९२७ च्या कायद्यानं उत्पादकाला समितीत जागा दिली, म्हणजे ते अशक्य नव्हतं.

दुसरा आक्षेप बाळापूरचा. पागोट्यांसाठी नावाजलेलं, मोगलाईत भरभराटलेलं हे गाव रुळांनी टाळलं आणि ते बसलं, असं म्हणतात. पण बाळापूर बसलं ते कचेरी अकोल्याला गेल्यामुळे आणि पागोटी बांधणारे दरबार संपल्यामुळेही. स्टेशन तर जवळच पारसला होतं. रूळ चुकल्यानं गाव मरतं हे खरं असतं तर कारंजा त्याच्या आधी मेलं असतं.

पुढे १९६३ चा बाजार समिती कायदा आला, मग ७४ वी घटनादुरुस्ती, मग तालुक्याच्या ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती. पाट्या बदलल्या, गावानं आपल्या बाजाराबद्दल काय ठरवायचं, हा प्रश्न कुठल्याच पाटीवर आला नाही. आता कारंज्यापाशी समृद्धीचा इंटरचेंज आहे. १८९७ च्या त्या समितीत शेतकरी नव्हता, तरी निदान गावच्या नगरपालिकेला खुर्ची होती. नवनगरांचं नियोजन रस्ते विकास महामंडळाकडे आहे. तिथे राहायला कोण येणार हे अजून ठरलेलं नाही, त्यामुळे कौल कुणाला द्यायचा हा प्रश्न अद्याप कुणी विचारलेलाही नाही.